आई, थंडी कुठे गेली?

डिसेंबर-जानेवारीत त्र्यंबकला पोरांना सकाळी आठच्या आत घराबाहेर काढायचं म्हणजे कानटोपी, स्वेटर आणि वर भरपूर कुरकुर. पण अलीकडे ऐन हिवाळ्यात असे चार-आठ दिवस येतात की पहाटे पांघरूण नको होतं आणि दुपारी पंखा लावावा लागतो. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार ढग बघून धास्तावतात. आणि आपण आईबाप मुलांना सांगतो, "हवा खराब आहे, घरातच खेळा."

माझं म्हणणं उलटं आहे. याच दिवसांत मुलांना डोंगराकडे न्या.

पहाट बोचरी नसल्यामुळे लहान मूलसुद्धा साडेसहाला आनंदानं निघतं. गंगाद्वाराच्या पायऱ्या चढा. सगळ्या चढायलाच हव्यात असं नाही. मूल मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास बसलं तर बसू द्या; दर्शनाची घाई आपल्याला असते, त्याला नसते. अंजनेरीला गेलात तर कड्यांवरचे पांढरे ओघळ दाखवा. ती गिधाडांची विष्ठा. लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यातच कड्यावर घरटं करतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणून तिथे आरडाओरडा नको, दुर्बीण असेल तर उत्तम. "इतकी कमी का?" असं विचारलंच, तर गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक औषधाची गोष्ट सांगा. मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून २००६ साली गुरांसाठी ते औषध आपल्याकडे बंद झालं. दहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं.

पायवाट सोडू नका, हेही कारणासकट सांगा. अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, 'सेरोपेजिया अंजनेरिका'. २००६ साली तिची शास्त्रीय नोंद झाली आणि नावातच डोंगराचं नाव आलं. फुलं पावसाळ्यात. आत्ता वर काहीच दिसणार नाही, कंद मातीत निजलेला असतो. जे दिसत नाही त्यालाही जपायचं, ही गोष्ट मुलांना आपल्यापेक्षा लवकर पटते.

काही पालकांना वाटतं, हवामान बिघडलंय आणि आपण त्यात मजा कसली करायची? मला हा संकोच समजतो, पण तो मुलांवर लादू नये. प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्या. "आई, थंडी कुठे गेली?" याचं उत्तर द्यायला गंगाद्वारासारखी जागा नाही. इथली गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच उपसागरातलं 'फेंगल' वादळ ३० नोव्हेंबर २०२४ला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपली थंडी पळाली. उत्तरेचे कोरडे वारे अडले, ओलसर वारे आणि ढग आले. रात्री जमिनीची ऊब निघून जायची, ती ढगांनी धरून ठेवली. पण सगळा दोष एका वादळावर टाकू नका. फेब्रुवारी २०२५ हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, हेही सांगा. घाबरवू नका आणि खोटा धीरही देऊ नका.

डोळ्यांसाठीही हे फिरणं हवंच. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी नव्यानं आलेली मुलं ३०.४ टक्के होती, इतर शाळांत ३९.५ टक्के. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. तैवाननं तर २०१०पासून शाळकरी मुलांसाठी दिवसाला १२० मिनिटं उघड्यावर, असा कार्यक्रमच घेतला. मग आपण ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहून मुलांना खिडकीतून डोंगर का दाखवायचा?

आणि हे आपल्याला नवं थोडंच आहे! परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चारही लेकरांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघाले होते. वाटेत वाघ आडवा आला, निवृत्ती चुकला आणि गुहेत त्याला गहिनीनाथ भेटले. वाघ आता भेटणार नाही, माकडं मात्र भेटतील. खाऊची पिशवी हातात लटकवू नका. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच वाट बदला, अत्तर-सेंट लावून जाऊ नका. वाळल्या गवतात काडी ओढणारा कोणी दिसला तर त्याला तिथल्या तिथे टोका, मुलांसमोर.

उन्हाचं मात्र विसरू नका. हिवाळा म्हणून पाणी कमी नेलं जातं आणि ढग हटले की कातळ तापतो. माणशी एक बाटली न्या, टोपी घाला, दहाच्या आत खाली उतरा. येत्या रविवारी गारठा नसेल तर निघाच, आणि पहिला तासभर मोबाइल खिशातच राहू द्या, तुमचासुद्धा.