झेड व्हिसाशिवाय विमानात बसू नका

२०१८ साली सोलापुरातली शाळेची नोकरी सोडून मी चीनला इंग्रजी शिकवायला गेले. एजंट घरी आला होता. म्हणाला, "मॅडम, तुमचं गाव शिजियाझुआंग. डॉ. कोटणीसांची समाधी आहे तिथे. सोलापूर म्हटलंत की लोक डोक्यावर घेतील." सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस युद्धातल्या जखमींवर उपचार करायला १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. आमच्याकडे हे नाव घरातलंच. आईचा विरोध त्यानेच मावळला.

पगार ठरला महिना १२,००० युआन. व्हिसा मात्र 'एम' लागला. "तिथे गेल्यावर झेड करून देतील," एजंट म्हणाला. 'एम' हा व्यापारी कामासाठीचा व्हिसा, त्यावर नोकरी करता येत नाही, नोकरीसाठी झेडच लागतो, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

नोव्हेंबरमधली सकाळ. बालवाडीतल्या मुलांना मी फळांची नावं शिकवत होते. मुख्याध्यापिका धावत आल्या, माझा दंड धरून मला स्वयंपाकघरामागच्या कोठीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. तपासणीला माणसं आली होती. तांदळाच्या पोत्यांशेजारी मी पाऊण तास उभी होते. सफरचंदाचं चित्र हातातच राहिलं होतं. भिंतीपलीकडे मुलं 'ॲपल, ॲपल' म्हणत होती.

त्या महिन्यात ८,००० युआनच मिळाले. तक्रार कुठे करणार? बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे ५,००० ते २०,००० युआन दंड आहे; प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. पासपोर्टही शाळेच्या कपाटात. भारतीय दूतावासाला कळवते म्हटल्यावर तो परत मिळाला. निघण्याआधी कोटणीसांच्या समाधीवर गेले. ते त्या देशात उजळ माथ्याने राहिले, मला तसं राहता आलं नाही, ही खंत आजही आहे.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगते. इंग्रजी शिकवण्याचा परवाना चीन सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांनाच देतो; पदवी आणि अनुभवही मागतो. भारतीय पासपोर्टवर आपण त्यात बसतो का, हे नोकरी सोडण्याआधी विचारा. कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी करार. मग संस्था तिथल्या सरकारकडून वर्क परमिटचं पत्र मिळवते. त्या पत्रावर इथे झेड व्हिसा मिळतो. तिथे उतरल्यावर हॉटेलबाहेर राहणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची आणि ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज द्यायचा. यातली एकही पायरी 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

करारावरची संस्था आणि परमिटवरची संस्था एकच आहे ना, ते पाहा. चिनी मजकूर स्वतंत्र माणसाकडून वाचून घ्या. जुलै २०२१ मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं घातली आणि अनेक शिकवण्या बंद पडल्या, तेव्हा जुन्या जाहिरातींवर विसंबू नका. परवान्याच्या कामासाठी पासपोर्ट द्यावा लागला तर पावती घ्या, आणि काम होताच तो परत मागा.

घरच्यांना हे सगळे कागद दाखवा. एजंट "तिथे गेल्यावर करू" म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे नकार द्या.