आधी कोलेस्टेरॉल मोजा, मग पैसे

रिपोर्टवर ‘एलडीएल 148’ असा आकडा ठळक छापून येतो आणि पुढच्या आठवड्यात घरात अर्जुनाची पावडर, लसणाच्या कॅप्सूल किंवा ‘हार्ट केअर’ नावाचा डबा येतो. डब्यावर ‘100 टक्के वनस्पतिजन्य’ असे लिहिलेले असते. त्याने किती उतार पडेल आणि त्यासाठी महिन्याला किती पैसे जातील, हे मात्र कुठेच नसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ग्राहकाला तो हिशेब घरी मांडता यावा, यासाठी हे मार्गदर्शन. इथले दर बाजारातले ढोबळ दर आहेत. दुकान, ब्रँड आणि हंगामाप्रमाणे ते खाली-वर होतील.

पहिला खर्च तपासणीचा

खासगी लॅबमध्ये लिपिड प्रोफाइलला साधारण 400 ते 900 रुपये पडतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी चौकशी करावी. पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती आता राहिलेली नाही. ट्रायग्लिसराइड जास्त निघाले तरच उपाशीपोटी पुन्हा तपासतात.

रिपोर्टवर पाहायचे ते मुख्यतः एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धोका कमी असलेल्यांनी ते 100 च्या खाली ठेवावे, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा जास्त धोका असलेल्यांनी 70 च्या खाली आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी 55 च्या खाली. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. थायरॉईड मंदावला तरी एलडीएल चढते. म्हणून डॉक्टरांना विचारून टीएसएच तपासून घ्यावे. त्याचे 200 ते 400 रुपये. खरे कारण थायरॉईड असेल, तर बाकी सगळी चूर्णे वाया.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. काहीही न बदलता 150 चे एलडीएल पुढच्या तपासणीत दहा-पंधरा अंकांनी वेगळे येऊ शकते. त्यामुळे ‘महिनाभर घेतले आणि दहाने उतरले’ हा पुरावा होत नाही.

गुग्गुळाची गोष्ट

वनस्पतिजन्य औषधांतले सर्वाधिक तपासलेले भारतीय नाव गुग्गुळ. 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात त्यावर संशोधन झाले, पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून ‘गुगुलिपिड’ तयार केले. 1989 साली मुंबई आणि नागपूरसह देशातल्या सात शहरांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 205 रुग्णांनी 12 आठवडे औषध घेतले होते आणि त्यांच्यातल्या 70 ते 80 टक्के जणांचे कोलेस्टेरॉल सरासरी 23.6 टक्क्यांनी उतरले होते. मात्र चाचण्यांच्या या भागात काय घेतो आहोत हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही ठाऊक होते. तुलनेसाठी खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणारा गट नव्हता.

2003 साली अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, ती खोट्या गोळीशी तुलना करून. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल 4 ते 5 टक्क्यांनी वाढले, खोटी गोळी घेणाऱ्यांचे 5 टक्क्यांनी उतरले, आणि औषध घेणाऱ्या काहींच्या अंगावर पुरळ उठले. तिकडचा आहार आणि शरीरप्रकृती वेगळी, असा आक्षेप घेता येतो. तरी ज्या औषधाचा निकाल एवढा उलटसुलट, त्याच्यावर महिन्याचे 200 ते 600 रुपये भरवशाने घालावेत असा पुरावा आज नाही.

लसणाचेही तसेच. 2007 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 192 जणांना सहा महिने कच्चा लसूण, लसणाच्या गोळ्या किंवा खोट्या गोळ्या दिल्या. एलडीएलमध्ये म्हणावा असा फरक कुणातच पडला नाही. 2022 साली क्लीव्हलँड क्लिनिकने सुमारे 190 जणांवर 28 दिवस मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती-स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ असे सहा पूरक पदार्थ तपासले. खोट्या गोळीपेक्षा एकही सरस ठरला नाही. त्याच चाचणीत रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या 5 मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरवले. या अभ्यासाला पैसा रोसुव्हास्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि 28 दिवस हा काळ थोडा, हेही ग्राहकाने लक्षात ठेवावे.

लाल यीस्टच्या तांदळाबद्दल वेगळा इशारा द्यायला हवा. त्यातले मोनॅकोलिन-के म्हणजे रसायन म्हणून लोव्हास्टॅटिनच. 1987 पासून ते अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. डब्यागणिक त्याचे प्रमाण बदलते. युरोपीय संघाने 2022 साली रोजच्या मात्रेत ते 3 मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असे बंधन घातले. स्टॅटिन चालू असताना हा डबा घेणे म्हणजे एकाच औषधाचा दुहेरी डोस.

इसबगोल आणि वाटीभर उसळ

ज्याच्यामागे भक्कम पुरावा आहे, ती वनस्पतिजन्य वस्तू आपण पोट साफ होण्यासाठी घेतो: इसबगोलचा भुसा. पाण्यात त्याची बुळबुळीत खळ होते. ती आतड्यातले पित्ताम्ल धरून बाहेर नेते आणि नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे भुसा घेतल्यावर एलडीएल सरासरी 7 टक्क्यांच्या आसपास उतरते. चमच्यांच्या मापात फसगत होते. पहिल्या दिवशी काट्यावर तोलून घ्यावे. भरपूर पाणी हवे, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर.

आपल्या ज्वारीच्या भाकरीत चोथा आहेच, पण तो बहुतांश न विरघळणारा. कोलेस्टेरॉलवर काम करणारा विरघळणारा चोथा कडधान्यांत अधिक. रोज वाटीभर, म्हणजे सुमारे 130 ग्रॅम शिजलेल्या कडधान्याने एलडीएल 5 टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षात दिसले आहे. पारनेरचा मूग, घरचे हुलगे, मटकी, किंवा अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावरान वाणांतला वाल, यातले काहीही चालेल. उसळीवर तेलाचा तवंग मात्र नको.

तेलाचा हिशेब निराळा. पामतेलात संपृक्त मेद निम्म्याच्या आसपास, शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्श्याच्या आत-बाहेर, करडईच्या तेलात त्याहून बरेच कमी. बाजारातले फरसाण, शेव आणि बेकरीचा माल पामतेल किंवा वनस्पती तुपातच बहुतेक होतो. तो आठवड्यातून एकदावर आणला तर खर्च वाढत नाही, उलट वाचतो. शेंगदाणे आणि जवसाची चटणी चांगलीच. फक्त ती फरसाणाच्या जागी खावी, फरसाणाच्या जोडीला नव्हे.

आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालण्याने एलडीएल फारसे हलत नाही. ट्रायग्लिसराइड, वजन, साखर आणि रक्तदाब यांवर त्याचा गुण दिसतो. चालण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते यादीत सगळ्यात वर ठेवावे.

महिन्याला काय पडते

- इसबगोल, रोज 10 ग्रॅम: 400 ते 550 रुपये. उतार सुमारे 7 टक्के.
- ओट्स, रोज सुमारे 75 ग्रॅम: 350 ते 450 रुपये. उतार सुमारे 5 टक्के. सकाळच्या पोहे-उपम्याच्या जागी घेतले तर जादा खर्च याहून कमी.
- कडधान्याची रोज एक वाटी: माणशी 150 ते 250 रुपये. उतार सुमारे 5 टक्के.
- शेंगदाणे, रोज मूठभर: 130 ते 150 रुपये. बदामाचे हजाराच्या पुढे.
- वनस्पती-स्टेरॉल, रोज 2 ग्रॅम: 1,000 ते 2,000 रुपये किंवा अधिक. अनेक अभ्यासांत उतार 8 ते 10 टक्के, पण वरच्या 2022 च्या चाचणीत दिसला नाही. बऱ्याच कॅप्सूलमध्ये 2 ग्रॅमची मात्रा भरतही नाही.
- अर्जुन चूर्ण: 100 ते 250 रुपये. छोटे अभ्यास आहेत. उताराचा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही.
- ‘हार्ट केअर’ मिश्रणे: 800 ते 1,500 रुपये. त्या विशिष्ट मिश्रणाची चाचणी झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचारावे.
- अटॉर्व्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम, फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर: जनऔषधी केंद्रात 50 रुपयांच्या आत, ब्रँडेड 150 ते 250. उतार 35 टक्क्यांच्या आसपास.

टक्के एकमेकांत मिळवत बसू नये, पण एकत्र आहाराचा गुण मोठा असतो. 2003 साली कॅनडात चिकट चोथा, सोया, बदाम आणि वनस्पती-स्टेरॉल एकाच ताटात देऊन चार आठवड्यांत एलडीएल 28 टक्क्यांहून अधिक उतरवण्यात आले होते. तेवढे पथ्य रोजच्या संसारात पाळणे मात्र सोपे नाही.

बारा आठवड्यांची घरची चाचणी

डॉक्टरांनी ‘आधी आहार-व्यायाम करून पाहा’ असे सांगितले असेल, तरच हा मार्ग. सुरुवातीला एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा लिपिड प्रोफाइल करून त्यांची सरासरी काढावी. लॅब शेवटपर्यंत तीच ठेवावी. पहिले सहा आठवडे फक्त ताट आणि चालणे बदलावे, मग तपासावे. पुढचे सहा आठवडे त्यात फक्त इसबगोल घालावे, पुन्हा तपासावे. सगळे एकदम बदलले नाही, तरच गुण कशाचा ते कळते. खासगीत चार तपासण्यांचे 600 रुपयांप्रमाणे 2,400 आणि दीड महिन्याच्या इसबगोलचे 600 ते 825 धरले, तर सगळे मिळून तीन हजारांच्या थोडे पुढे जाते. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली तर हजाराच्या आत. न मोजता घेतलेल्या ‘हार्ट केअर’च्या तीन डब्यांनाही 2,400 ते 4,500 रुपये जातात.

डबा घेताना

पूरक आहार असेल तर लेबलवर 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहावा. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, घटकांची मात्रा आणि मुदत. पक्के बिल घ्यावे. हृदयविकार बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात बसत नाहीत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, तसेच अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही.

यांनी प्रयोग करू नये

एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त असणारे, झटका येऊन गेलेले किंवा स्टेंट बसवलेले, मधुमेही, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालेला असणारे, यांनी बारा आठवडे वाट पाहू नये. थेट डॉक्टरांकडे जावे. गर्भवतींनी गुग्गुळ आणि लाल यीस्टचा तांदूळ टाळावा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गिळायला त्रास होणाऱ्यांनी इसबगोल घेऊ नये. आणि चालू असलेली स्टॅटिन कुठल्याही डब्याच्या भरवशावर बंद करू नये.

पैसे मर्यादित असतील तर ते या क्रमाने खर्च करा: तपासणी, कडधान्य, इसबगोल, आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर जनऔषधीची गोळी. एवढ्यानंतर पैसे उरले, तरी ‘हार्ट केअर’चा डबा घेण्याची गरज उरत नाही.