जुने घ्यावे की नवे?

संगणकावरील खेळात जी हलती चित्रे दिसतात, ती क्षणोक्षणी रचण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. हे कार्ड महाग असते. म्हणून पुष्कळ जण वापरलेले कार्ड घेतात.

इथेरियम हे आभासी चलन मिळविण्यासाठी लोक अशी कार्डे रात्रंदिवस चालवीत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ती पद्धत बंद झाली आणि त्यांतील अनेक कार्डे विक्रीस आली. ती दिसण्यात नव्यासारखी असली, तरी त्यांनी उपसलेले कष्ट डोळ्यांस दिसत नव्हते.

कार्डातील मुख्य चिप सहसा लवकर झिजत नाही. परंतु पंखा झिजतो आणि चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप सुकतो. मग कार्ड फार तापते व स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करते.

नव्या कार्डाला हमी असते. जुन्याची हमी पुष्कळदा संपलेली असते. म्हणून जुने घेणाऱ्याने मूळ पावती मागावी आणि पैसे देण्यापूर्वी अर्धा तास खेळ चालवून पाहावा. पडद्यावर ठिपके उमटले, पंखा कुरकुरला अथवा खेळ मध्येच बंद पडला, तर ते कार्ड स्वस्त असूनही महागच समजावे. कसोटीस उतरले, तर ते घेण्यात कमीपणा नाही. तपासण्याची सोयच नसेल, तर साधे का होईना, पण नवे कार्ड घेणे शहाणपणाचे होय.

स्वाध्याय
१. तापलेले कार्ड वेग का कमी करते?
२. 'स्वस्त असूनही महाग' म्हणजे काय?