दिवा विझवायच्या आधी

चिंचणी, १८ मे

चि. तन्मय,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा इथे लाइट गेली होती आणि मी ओट्यावर विंझणवारा घेत बसलो होतो, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. ताईच्या खोलीतल्या एसीचा हिरवा दिवा लुकलुकतोय, मशीन गार करत नाही, आणि तू पीसीबी गेला असं ठरवून मोकळा झालास, एवढं कळलं. आयटीआय करून तुला दहा महिने झाले. दहा महिन्यांचा असताना मलाही प्रत्येक मशीनचा पीसीबीच गेलेला दिसायचा. पत्र मुद्दाम लिहितोय. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि मनात असतं तेच करतोस.

आधी त्या मशीनची कुळकथा ऐक, तुला ती माहीत नसणार. तारापूर अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीतले एक साहेब रावतभाट्याहून बदलून इकडे आले. राजस्थानातल्या थंडीसाठी घेतलेला हॉट अँड कोल्ड स्प्लिट त्यांनी सोबत आणला. निवृत्त होऊन गावी जाताना तो स्वस्तात काढला आणि ताईने घेतला. म्हणजे त्याच्या आउटडोअरमध्ये फोर-वे व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह फिरला की गॅसची वाट उलटते. आतली कॉइल तापते आणि बाहेरची गार पडते. आपल्या भागात अशी मशीनं कमी, म्हणून तुझ्या दुकानातल्या कोणालाही त्यांच्या खोडी ठाऊक नसतील. त्याचं पुढे सांगतो.

मी एमआयडीसीत युटिलिटीला होतो तेव्हा चिलरच्या पॅनेलवर दिव्यांची रांग असायची. एक पंप बंद पडला की अर्ध्या मिनिटात सहा-सात दिवे पेटत आणि हूटर बोंबलायला लागे. नवा पोरगा पहिलं काम काय करायचा? अ‍ॅकनॉलेज दाबायचा आणि लगेच रिसेट. आवाज बंद, दिवे बंद, आणि कारणही गेलं. आमचे फोरमन त्याला एवढंच विचारायचे, “पहिला कुठला पेटला?” चांगल्या पॅनेलमध्ये पहिला पेटलेला दिवा वेगळ्या तऱ्हेने लुकलुकत राहतो, तो याचसाठी. बाकीचे दिवे त्याच्या मागोमाग आलेले असतात.

घरातल्या एसीला एवढी ऐपत नसते. दोन-तीन दिवे असतात, त्यांच्या लुकलुकण्याची मोजणी हीच त्याची भाषा, आणि ती प्रत्येक कंपनीची, कित्येकदा प्रत्येक मॉडेलची वेगळी. एकाकडे पाच वेळा लुकलुकणं म्हणजे सेन्सर, तर दुसऱ्याकडे आउटडोअरचा पंखा. पाठ केलेलं इथे चालत नाही. म्हणून एमसीबी पाडायच्या आधी मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ घे. पुष्कळ जुन्या मशीनमध्ये करंट तोडला की कोड पुसला जातो. आणि घरच्या माणसांना विचार. दिवा कधी लागला, त्याआधी बल्ब मंद झाले होते का, वीज कडाडली होती का, आउटडोअरकडून काही आवाज आला का. घरच्या बाईला मशीनचं सगळं ठाऊक असतं, फक्त तिला मेकॅनिक विचारत नाहीत.

आणि एक ध्यानात ठेव. कोड तुला मशीन कुठे अडलं ते सांगतो, का अडलं ते नाही. ‘इनडोअर-आउटडोअर संपर्क नाही’ असं आलं की दुकानात लगेच पीसीबीचं नाव निघतं. मी असल्या तक्रारी बघितल्या त्यांतल्या बऱ्याच मधल्या वायरीच्या होत्या. फिटिंगच्या वेळी वायर कमी पडली म्हणून पिळून टेप मारलेला जोड, आणि तो भिंतीबाहेर. नाहीतर टर्मिनलवर मुंग्यांचं वारूळ. एकदा मुरब्याला आउटडोअरच्या पीसीबीवर पाल चिकटून कोळसा झाली होती, तेव्हा मात्र पीसीबी खरंच गेला होता.

आता आपल्या हवेचं. हे तुला पुस्तकात मिळणार नाही. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, ते एमआयडीसीवरून वास घेत बोईसरात शिरतात. रात्री मतलई सुटले की तोच वास उलट किनाऱ्याच्या गावांकडे जातो. म्हणजे मीठ आणि केमिकल दोन्हींचा मारा. कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि अ‍ॅल्युमिनियमचे फिन एकमेकांना टेकलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारा ओलावा, की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. फिन पांढरे पडतात आणि बोट लावलं की भुकटी होते. दिसायला कॉइल जागेवर असते, पण उष्णता नळीतून फिनपर्यंत पोचत नाही. तांब्याचं दुखणं वेगळं. आजीच्या पितळी पातेल्याची कल्हई गेली की त्यातली आमटी कळकते, तसाच हिरवा थर जोडांवर चढतो. गंधकाचा वायू असेल तिथे तांबं काळं पडतं. आणि आंबट वाफांनी तर नळीत सुईच्या टोकाएवढी, वाकडीतिकडी भोकं पडतात. मुंग्यांनी पोखरल्यासारखी, वरून काहीच न दिसणारी. मग गॅस महिन्या-दोन महिन्यांनी कमी होतो, दिवा लागतो, कोणीतरी येऊन गॅस भरून जातो, पुन्हा दिवा. ताईच्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. आउटडोअर तिच्याखालीच. तिथे बॅटरी मारून बघितलंस का?

माझी एक फजिती सांगतो. ऑक्टोबरात पास्थळला एका घरी दुपारी दोन वाजले की लाल दिवा आणि मशीन बंद, संध्याकाळी आपोआप चालू. मी गॅस बघितला, कॅपॅसिटर बदलला, कॉम्प्रेसर कमजोर झालाय असं तोंड वर करून सांगितलं. तिसऱ्या फेरीला त्यांच्या शाळकरी मुलीने विचारलं, “काका, ते निळं काढू का?” पावसासाठी आउटडोअरवर बांधलेली ताडपत्री तशीच होती. मी दोन्ही वेळा कडेने हात घालून काम केलं होतं! गरम हवा आतल्या आत फिरायची, प्रेशर चढायचं, आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. उष्णता उपसून बाहेर टाकणं एवढंच एसीचं काम. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राचं पाणी घेतं, ते त्याचसाठी. वाफेतली उरलेली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. ताडपत्रीखाली कोंडलेल्या मशीनने ती कुठे टाकायची? त्या घरातून मी पैसे घेतले नाहीत, कॅपॅसिटरचेही.

सेन्सरचं थोडक्यात. काढून मल्टिमीटरने ओहम बघ, मग बर्फाच्या पाण्यात बुडवून बघ. २५ अंशांना जो आकडा असतो, त्याच्या साधारण तिपटीजवळ तो शून्याला जायला हवा. हळूहळू न चढता उड्या मारत असेल तर फेकून दे. शेदोनशेच्या सेन्सरपायी लोकांनी हजारोंचे पीसीबी बदललेत.

गॅसच्या बाबतीत मात्र मी तुझं काही ऐकणार नाही. लीकेज सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. सिझनला मालक दिवसाला आठ कॉल देतो, नायट्रोजनचा सिलिंडर जिन्यावरून वर न्यायचा कंटाळा येतो, हे मला माहीत आहे. तरी नायट्रोजनच मारायचा. ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट करताना आतल्या तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो, त्यात मेकॅनिक गेलेले आहेत. आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये ‘चालतं रे’ म्हणून आर-३२ ढकलायचा नाही. त्याचं प्रेशर कितीतरी जास्त, शिवाय तो पेट घेतो. आणि मशीन इन्व्हर्टरचं असेल तर एमसीबी पाडल्यावरही पीसीबीवरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी उरलेला असतो. दहा मिनिटं थांबायचं, मीटर लावून उतरला का बघायचं, मग हात घालायचा. तुझ्या आईचा तू एकुलता एक आहेस, हे मी तिच्या वतीने लिहितोय.

आता ताईच्या खोलीकडे येऊ. तू म्हणालास, ब्लोअर फिरत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, नुसता हिरवा दिवा लुकलुकतो. हॉट अँड कोल्ड मशीन हीटवर असेल तर कॉइल तापेपर्यंत ब्लोअर रोखून धरते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तेवढा वेळ दिवा लुकलुकत ठेवते. खोली ३३ अंशांवर आणि रिमोटवर २४, अशात ते हीटवर गेलं असेल तर त्याच्या हिशेबाने खोली आधीच हवी त्याहून गरम आहे. ते काही करणारच नाही, गप्प बसून राहील. गेल्या आठवड्यात शेजारची मुलं दिवसभर त्या खोलीत होती, असं ताईच म्हणाली.

तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी रिमोट घेऊन उजेडात जा आणि कोपऱ्यात सूर्याचं चित्र आहे का ते बघ. असेल तर मोडचं बटण दाबून बर्फाच्या चांदणीवर आण, तीन-चार मिनिटं थांब आणि मला फोन कर. नसेल तर काही उघडू नकोस, व्हिडिओ पाठव. रविवारी मी मीटर घेऊन येतो. तोवर पीसीबीची ऑर्डर दिली असलीस तर थांबव.

तुझा,
मामा