रागाचे उत्तर कोणाच्या दारी?

“अभिनंदन! तुम्हाला दहा लाखांचे बक्षीस लागले आहे,” असे एखादे अनोळखी ई-मेल तुमच्या घरी कधी तरी आले असेल. अशा नको असलेल्या पत्रांना स्पॅम म्हणतात. ती वारंवार येऊ लागली की राग येतो आणि एक खरमरीत उत्तर धाडावेसे वाटते. पण ते उत्तर कोणाला मिळेल, याचा विचार तुम्ही केला आहे काय?

टपालाचे उदाहरण घेऊ. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणी तुमच्या शेजाऱ्याचा पत्ता लिहिला, तर पोस्टमन तो तपासत बसत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. एका संगणकाने दुसऱ्याकडे पत्र कसे सोपवावे, याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ साली प्रसिद्ध झाले. प्रेषकाचा पत्ता खरा की खोटा, हे पडताळण्याची सोय त्यांत नव्हती. पडताळणीच्या पद्धती पुढे निघाल्या. तरीही खोटे पत्ते आणि चोरलेली खाती आजही वापरली जातात.

आता थोडे गणित करू. समजा, एका भामट्याने कोणा निरपराध शिक्षिकेचा पत्ता घालून दहा लाख पत्रे पाठवली आणि शंभरांतल्या एकाने रागाने उत्तर दिले. तर त्या बाईंच्या नावावर दहा हजार शिव्या येऊन पडतील! भामट्याला मात्र त्याची झळही लागणार नाही. बरे, पत्ता त्याचाच असला, तर तुमचा पत्ता चालू आहे हे त्याला आयतेच कळेल.

बदला घेण्याचा एक मोठा प्रयोग २००४ साली झाला. लायकॉस युरोप या कंपनीने लोकांना एक स्क्रीनसेव्हर वाटला. संगणक रिकामा असला की तो स्पॅमवाल्यांच्या संकेतस्थळांकडे मागण्यांचा मारा करी. त्यांचा खर्च वाढावा, हा हेतू. परंतु या माऱ्याने इंटरनेटवरचाच भार वाढतो, अशी टीका झाली. एका संकेतस्थळाने तर आलेल्या मागण्या उलट लायकॉसकडेच वळवल्या! थोड्याच दिवसांत कंपनीने ही मोहीम बंद केली.

मग गप्प बसायचे काय? मुळीच नाही. उत्तर देऊ नका, पत्रातील दुवा उघडू नका. त्यावर ‘स्पॅम’ अशी खूण करा. या खुणांवरून संगणकातील गाळणी शिकते. कशी ते पाहा. समजा, १०० स्पॅम पत्रांपैकी ६० पत्रांत ‘बक्षीस’ हा शब्द आहे आणि १०० चांगल्या पत्रांपैकी फक्त २ पत्रांत. म्हणजे हा शब्द असलेल्या ६२ पत्रांपैकी ६० पत्रे, सुमारे ९७ टक्के, स्पॅम ठरली. असे अनेक शब्द एकत्र विचारात घेऊन गाळणी निर्णय देते. संभाव्यतेचे हे गणित अठराव्या शतकातील इंग्रज गणिती टॉमस बेझ यांच्या विचारातून आले आहे. तुमची शांतपणे केलेली एक खूण अशी इतरांच्याही उपयोगी पडू शकते. अशा पत्राला भुलून कोणाचे पैसे गेले असतील, तर मोठ्यांना सांगून १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा.

करून पाहा : घरच्यांच्या परवानगीने २० स्पॅम आणि २० चांगल्या पत्रांचे फक्त मथळे वहीत उतरवा. पत्रे उघडू नका. कोणते शब्द कोठे किती वेळा आले ते मोजा. गाळणीचे काम तुम्हाला किती जमते?