हिमोफिलिया : एक आनुवंशिक रक्तविकार

बोट कापले की थोडे रक्त येते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिच्यामागे केवढी व्यवस्था आहे, याचा आपण विचारही करीत नाही. जखम होताच प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण तेथे जमतात. मग रक्तातील काही प्रथिने एकापाठोपाठ एक कामाला लागतात आणि तंतूंचे जाळे विणून गुठळी पक्की करतात. या प्रथिनांना ‘फॅक्टर’ म्हणतात. आठव्या फॅक्टरची उणीव असेल तर हिमोफिलिया ए, नवव्याची असेल तर हिमोफिलिया बी. पहिला प्रकार अधिक आढळतो. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकास. दुसऱ्याला ‘ख्रिसमस डिसीज’ असेही म्हणतात. आमच्या वसईत हे नाव ऐकून कोणाला नाताळ आठवेल. पण ते १९५२ साली स्टीफन ख्रिसमस नावाच्या रुग्ण मुलाच्या आडनावावरून पडले.

आगाशीला राहणाऱ्या माझ्या मामांना हिमोफिलिया ए आहे. त्यांच्या रक्तात आठवा फॅक्टर ३ टक्के आहे. १ टक्क्याहून कमी असेल तर विकार तीव्र, १ ते ५ असेल तर मध्यम समजतात. अशा माणसाला टाचणी टोचली तरी रक्ताची धार लागते, असा लोकांचा समज असतो. तसे नाही. रक्त अधिक वेगाने नव्हे, अधिक वेळ वाहते. आणि खरा घात आतल्या आत होतो. गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत रक्त उतरते, सांधा सुजतो, आणि वारंवार तसे झाले की कायमचा आखडतो. मामांच्या लहानपणी घरात याला वात समजून तेल लावून चोळत. चोळल्याने इजा वाढते, हे सांगणारे तेव्हा जवळ कोणी नव्हते. आज त्यांचा डावा गुडघा पुरता वाकत नाही.

आनुवंशिकता समजावताना राणी व्हिक्टोरियाचे घराणे नेहमी पुढे येते. मला आमच्याच घराण्याचा हिशेब अधिक उपयोगी वाटतो. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक वाय. या फॅक्टरचे जनुक एक्सवर असते. स्त्रीचे एक जनुक सदोष असले तरी दुसरे बहुधा काम भागवते. ती वाहक ठरते. पुरुषाजवळ दुसरे एक्सच नाही. मामांनी आपल्या मुलाला वाय दिले, म्हणून तो यातून सुटला. मुलीला एक्स दिले, म्हणून ती नक्की वाहक. गावात मात्र सगळ्यांची नजर मुलाच्या गुडघ्यांवर! मुलीविषयी कोणी विचारीत नाही.

आजीला तर ‘हे तुझ्या माहेरचे दुखणे’ असे जन्मभर ऐकावे लागले. वास्तविक सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा विकार नसतो; जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असू शकतो. आजी वाहक होती असे धरले, तरी माझी आई वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि माझी पाव. आईला आम्ही दोघी मुलीच, त्यामुळे मुलांवरून काही अंदाज बांधावा अशीही सोय नाही.

उपचार पुष्कळ सुधारले आहेत. उणा असलेला फॅक्टर शिरेतून देतात. त्वचेखाली टोचण्याचे एमिसिझुमॅब हे औषधही ए प्रकारासाठी आता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश झाला. मामा खिशात एक चिठ्ठी बाळगतात : ‘हिमोफिलिया ए. ॲस्पिरिन देऊ नये. स्नायूत इंजेक्शन देऊ नये.’ विरार लोकलच्या गर्दीत कधी काय होईल, याचा काय नेम?

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ मध्ये रक्तगटांचे केंद्र म्हणून सुरू झालेली, आज इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. या विकाराचे जनुकीय निदान तेथे होते. नुसता फॅक्टर मोजून भागत नाही, कारण वाहक स्त्रीत तो पुरेसाही निघतो. म्हणून आधी रुग्णाच्या जनुकातील दोष शोधायचा आणि मग तोच घरातील स्त्रियांत पाहायचा.

ही तपासणी लग्नाआधी करावी की नंतर, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. मी वाहक निघाले तर स्थळे येणार नाहीत, ही आईची भीती. ज्या घराला ते चालणार नाही, ते घर आधीच कळलेले बरे, असे माझे मत. शिवाय काही वाहक स्त्रियांतही फॅक्टर कमी असतो आणि बाळंतपणात रक्तस्राव जास्त होतो. डॉक्टरांना हे अगोदर ठाऊक हवे. मामा सोबत यायला तयार आहेत. परीक्षा संपली की आम्ही परळला जाणार आहोत.