फडके, पट्टी आणि दोर

मुलांनो, घरातील खिडकीची काच पुसावयास जुन्या धोतराचे फडके, पाणी आणि वर्तमानपत्राचा बोळा पुरतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील उंच इमारतींच्या काचा पुसणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला एका ओढीत पाणी निपटून काढणारी रबरी धारेची पट्टी लागते. अशा पितळी पट्टीचे पेटंट इटलीत जन्मलेल्या एत्तोरे स्तेकोने याने १९३६ साली अमेरिकेत घेतले. लाकूड व जुने रबर यांची पट्टी घरीही करता येते. ती सदोष निघाली, तर काचेवर ओघळ राहतील, एवढेच. कमरेचा पट्टा व दोर मात्र कसोटीला उतरलेलेच असावेत. तेथे चूक झाली, तर प्राणावर बेतते. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे जाणणे हेच खरे शहाणपण होय.